मदत हवी आहे: बर्फात रोज ऑफिसला जायला कुठली सायकल आणि टायर घ्यावेत?

यंदा हिवाळ्यातही सायकलनेच ऑफिसला जायचं ठरवलंय, त्यामुळे ज्यांनी खरंच बर्फात चालवलीय त्यांनी जरा सांगा. रस्ता बहुतेक साफ केलेला असतो, पण सकाळी काळा बर्फ (डांबरावर गोठलेला पातळ, पारदर्शक थर) असतो, तो दिसतच नाही, आणि मला ताज्या भुसभुशीत बर्फापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते.

फॅट बाईक (खूप जाड टायरची सायकल) घे असं सगळे सुचवतायत, पण ४ इंची टायर असले तरी खिळे नसतील तर कडक गुळगुळीत बर्फावर ते घसरणारच ना? म्हणून मी कार्बाइडच्या (स्टीलपेक्षा खूप कठीण) खिळ्यांच्या टायरकडे झुकलोय, ७०० बाय ४० च्या आसपास (४० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी), म्हणजे मडगार्डला जागा उरेल. साध्या स्टीलचे खिळे डांबरावर लवकर झिजतात म्हणे, तेव्हा ते नकोच. आता प्रश्न असा की कोरड्या रस्त्यावर हे टायर किती जड जातात आणि आवाज डोकं उठवतो का? पुढे-मागे दोन्हीकडे लावायचे की फक्त पुढे चालेल? मला वाटतं पुढचं चाक सटकलं की सावरता येत नाही, त्यामुळे एकच लावायचा तर पुढेच, पण मागचंही सोडवत नाही.

सायकलचं म्हणाल तर डिस्क ब्रेक पक्के, रिम (चाकाची धातूची कड) ओली झाली की रिम ब्रेकचं काही खरं नसतं. गिअरचं मात्र ठरत नाहीये, रस्त्यावरचं मीठ चेन आणि डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) खाऊन टाकतं म्हणून हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आतले गिअर बघतोय, पण कडाक्याच्या थंडीत आतलं ग्रीस घट्ट होऊन ते अडकतात का? कुणी वापरलेत?