वॅट दुप्पट, आवाज फक्त ३ डेसिबल: रिसीव्हर घ्यावा की सेपरेट्स?

खर्जप्रेमी

होम थिएटरचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतंच, "रिसीव्हर म्हणजे तडजोड. खरा आवाज हवा तर प्रोसेसर वेगळा, पॉवर अँप वेगळा." धागा काढायचं कारण हेच वाक्य. (रिसीव्हर म्हणजे ध्वनी उलगडणारा प्रोसेसर आणि स्पीकर चालवणारे अँप एकाच डब्यात; तेच वेगवेगळ्या डब्यांत घेतले की सेपरेट्स.) माझं मत उलट आहे. प्री-आउट (बाहेरचा अँप जोडायची सोय) असलेला बरा रिसीव्हर घ्या आणि उरलेले पैसे स्पीकर, सबवूफर (खर्जाचा वेगळा स्पीकर) आणि खोलीवर घाला. सेपरेट्सची खरी गरज फार थोड्या खोल्यांना असते.

हिशेबच करू. समजा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला १ वॅट दिला की १ मीटरवर ८७. सोफा ३ मीटरवर. मोकळ्या जागेच्या नियमाने अंतरापायी साडेनऊ गेले, उरले ७७.५. (भिंती यातले थोडे परत देतात, ते सध्या सोडा.) सिनेमागृहाच्या रेफरन्स पातळीला एका चॅनेलची (एका स्पीकरच्या वाटच्या आवाजाची) शिखरं १०५ डेसिबलपर्यंत जातात. तिथे पोचायला आणखी २७.५ डेसिबल हवेत, म्हणजे साधारण ५६० वॅट. ऐकूनच छाती दडपते. पण घरी त्या पातळीला ऐकतं कोण? व्हॉल्यूम १५ डेसिबल खाली ठेवला, आणि बऱ्याच जणांना तोही भरपूर वाटतो, की तेच शिखर १८ वॅटमध्ये निघतं. अठरा!

आता १०० वॅटचा रिसीव्हर काढून २०० वॅटचा अँप लावला तर पदरात काय? ३ डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यापेक्षा स्पीकरच ९० डेसिबलचा निवडला तर तेच ३ डेसिबल अँपला हात न लावता मिळतात.

ओहमकार

गणित बरोबर, पण त्यातले "१०० वॅट" आणलेत कुठून? खोक्यावरचा आकडा दोन चॅनेल चालवून मोजलेला असतो, तोही कंपनी सरळ असेल तर. नाहीतर एकच चॅनेल, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती), आणि झाले १८० वॅट! या आकडेबाजीला आळा घालायला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ सालीच नियम केला. पण तो स्टिरिओच्या जमान्यातला. नऊ चॅनेलच्या यंत्रात किती चॅनेल एकदम चालवून मोजायचं, हा घोळ पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला.

रिसीव्हर वळवून मागची पट्टी वाचा. विजेचा खप ६५० वॅट. आणि जाहिरातीत ९ चॅनेल, प्रत्येकी १०० वॅट. मग ९०० वॅट बाहेर काढणार कुठून? ट्रान्सफॉर्मर एक, पॉवर सप्लाय एक आणि खाणारी तोंडं नऊ.

शिवाय कागदावर ६ ओहम लिहिलेला स्पीकर खर्जात कुठेतरी ३ ओहमपर्यंत उतरतो. तिथे करंट जास्त लागतो, आणि तिथेच रिसीव्हर हात वर करतो. ऐन रंगलेल्या प्रसंगात आतून रिलेचा (आतल्या स्विचचा) 'टक्' आवाज, पुढे शांतता, आणि डिस्प्लेवर 'प्रोटेक्ट', म्हणजे यंत्र स्वतःला वाचवायला बंद. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना १८ वॅटचं गणित सांगू नका.

खर्जप्रेमी

@ओहमकार, पट्टीवरचा खप हा कमाल खप नसतो. तो बहुतेकदा एक अष्टमांश पॉवरवर मोजतात. त्यामुळे त्या ६५० वरून काहीच सिद्ध होत नाही.

सगळे चॅनेल एकदम चालवले की आकडा निम्म्यावर येतो, कधी त्याहून खाली, हे कबूल. पण निम्मा म्हणजे पुन्हा तेच ३ डेसिबल! शिवाय नऊच्या नऊ चॅनेल एकाच क्षणी शिखरावर असा चित्रपट दाखवा. संवाद सेंटरला, मागच्यांना पाऊस-वारा, छतातले बराच वेळ नुसतेच लटकलेले. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे वळवलं, तर सर्वांत खादाड भाग त्याचा स्वतःचा अँप सांभाळतो.

३ ओहमपर्यंत उतरणारा स्पीकर मात्र खरंच अपवाद. तिथे बाहेरचा अँप लावाच.

रात्रपाळी

तुम्ही दोघं वॅटवर भांडताय, मला शिळं होण्याची भीती वाटते. पॉवर अँप वीस वर्षं चालतो, त्याला कसली 'व्हर्जन' नसते. रिसीव्हरमधला डिजिटल भाग मात्र बघता बघता जुना होतो. फोरके आलं तेव्हा एचडीसीपी २.२ (चित्राची कॉपी रोखणारं कुलूप) नसलेले धडधाकट रिसीव्हर चित्रापुरते कुचकामी झाले. २०२० च्या अखेरीस एचडीएमआय २.१ (चित्र-आवाजाच्या जोडणीची तेव्हाची नवी आवृत्ती) चं लेबल लावून आलेल्या काही रिसीव्हरांमधली चिपच सदोष निघाली, नव्या गेम कन्सोलचं १२० हर्ट्झचं फोरके त्यातून जाईना. मग चांगले अँप त्या चिपबरोबर का फेकायचे? सेपरेट्समध्ये फक्त प्रोसेसर बदलायचा.

खर्जप्रेमी

@रात्रपाळी, हा मुद्दा नेहमी येतो आणि मला तो उलटाच दिसतो. शिळा होणारा भाग कुठला? प्रोसेसर. सेपरेट्समध्ये महागडा भाग कुठला? बऱ्याचदा तोच, कारण तो खपतो कमी. काही कंपन्यांच्या प्रोसेसरच्या आत त्यांच्याच वरच्या रिसीव्हरचा डिजिटल बोर्ड असतो. मग नासणारी वस्तू महाग का घ्यायची? रिसीव्हर प्रोसेसर म्हणून वापरा, अँप बाहेरचा ठेवा. चिप जुनी झाली की रिसीव्हर बदला, अँप जागच्या जागी. काही रिसीव्हरांत आतले अँप बंद करायची सोयही असते, त्याने प्री-आउटला स्वच्छ व्होल्टेज जास्त मिळतं.

सतारवाला

मी चित्रपट कमी आणि गाणं जास्त ऐकतो, तेव्हा थोडं अवांतर. पुढच्या दोन स्पीकरांसाठी 'होम थिएटर बायपास' असलेला स्टिरिओ इंटिग्रेटेड अँप घ्या आणि रिसीव्हरचे फ्रंट प्री-आउट त्यात द्या. चित्रपटाच्या वेळी त्याचा व्हॉल्यूम बाजूला पडतो, सगळं रिसीव्हर सांभाळतो. मैफल ऐकताना रिसीव्हर चालूसुद्धा करावा लागत नाही. आणि हो, फरक ऐकू येतो. तंबोऱ्याची जवार चांगल्या अँपवर उलगडते. आकडे काहीही म्हणोत.

खर्जप्रेमी

@सतारवाला, मांडणी झकास. जवारीबद्दल एकच विचारतो: दोन्हींचा आवाज मीटर लावून समान केला होता का? अर्धा डेसिबल मोठं वाजलेलं कानाला 'मोठं' न वाटता 'सुंदर' वाटतं.

सतारवाला

मीटर नव्हता. पण कान आहेत.

दोन_कान

सगळे अँपच्या मागे आणि खोली वाऱ्यावर! ५ मीटर लांबीच्या खोलीत त्या दिशेचा पहिला अनुनाद ३४ हर्ट्झच्या आसपास येतो. तिथे खर्ज एका खुर्चीत घुमतो, शेजारच्या खुर्चीत गायब. कुठलाही अँप हे सुधारणार नाही. दुसरा सबवूफर, त्याची जागा आणि नीट केलेलं रूम करेक्शन (माइकने मोजून खोलीप्रमाणे आवाज जुळवणं) सुधारेल.

नीट म्हणजे काय, तर मोजणीचा माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवून ठेवायचा नाही. स्टँडवर, कानाच्या उंचीला, पाठीपासून थोडा पुढे. पंखा बंद. आणि मोजून झाल्यावर रिसीव्हरने मोठे स्पीकर 'लार्ज' ठरवले असतील तर हाताने 'स्मॉल' करून ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर लावायचा, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो. माझं मत खर्जप्रेमींच्या बाजूला, फक्त यादीत खोली सगळ्यात वर.

रात्रपाळी

रिसीव्हरला बाहेरचा अँप जोडणाऱ्यांसाठी: डबे वाढले की ग्राउंड लूपची (डब्यांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटची) घूं-घूं मागे लागू शकते. सगळं एकाच सॉकेट-पट्टीवर घेऊन बघा. गेन (अँप सिग्नल किती पट वाढवतो ते) वेगळा असला तरी घाबरू नका, मोजणीत पातळी जुळते, पण अँप बदलल्यावर मोजणी पुन्हा करा. स्पीकर १०० डेसिबलचे हॉर्न असतील तर जास्त गेनच्या अँपची 'स्स्स' शांत प्रसंगात सोफ्यापर्यंत येते. आणि स्टेजवरचे स्वस्त दणकट अँप घेण्याआधी त्यांचा पंखा ऐका.

ओहमकार

@दोन_कान, खोलीचं मान्य. @खर्जप्रेमी, ११ चॅनेल प्रोसेस करणाऱ्या पण आत ९ च अँप असलेल्या रिसीव्हरला दोन चॅनेलचा अँप जोडावाच लागतो. तो छताच्या स्पीकरांना न देता पुढच्या दोघांना द्यावा, म्हणजे आतला सप्लाय मोकळा होतो, एवढ्यावर आपलं जमतंय.

पण तुमचाच हिशेब पुन्हा करा. स्पीकर ८४ डेसिबलचा, सोफा ४ मीटरवर, व्हॉल्यूम रेफरन्सच्या फक्त ५ खाली. आले ६३० वॅट. तुमचे अठरा कुठे गेले?

खर्जप्रेमी

मग स्पीकर बदला की!

ओहमकार

स्पीकर आवडलाय, म्हणून तर अँप शोधतोय.