आरक्षण आहे, मग तालुक्याच्या हापिसात तीच तीच माणसं का?

खाडीपल्याड
परवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तालुक्याला गेलेले, साहेब मीटिंगला म्हणून दोन तास बाकड्यावर, मग बसल्या बसल्या माणसं मोजली. अकरा टेबलं, त्यात बायका दोन, एक आवक-जावकला आणि एक कंप्युटरवर. बोलण्यावरून निम्मे तरी घाटावरचे. आमच्या वाडीच्या वर कातकऱ्यांची चाळीसेक घरं आहेत, त्यातला एकजण सरकारी नोकरीत नाही, शिपाईसुद्धा नाही. महिलांना ३० टक्के, दिव्यांगांना ४, एसटीला (अनुसूचित जमातींना) ७ असं जाहिरातीत छापून येतं ना, ते जातं कुठे? आम्ही कुणबी, धाकट्या बहिणीला पुढच्या भरतीला बसवायचंय म्हणून विचारतेय, भांडायला नाही.

रोस्टरवाला
आस्थापनेवर (नोकरभरती-बदल्या बघणाऱ्या टेबलावर) बारा वर्षं काढलीत म्हणून सांगतो. महिलांच्या ३० टक्के जागांचा वेगळा गठ्ठा बांधून ठेवत नाहीत, ते समांतर आरक्षण. आधी बिंदुनामावलीप्रमाणे (कुठली जागा कोणाची हे ठरवणारा तक्ता) जागा प्रवर्गात फुटतात आणि मग त्या त्या प्रवर्गात महिला, माजी सैनिक, खेळाडू वगैरे. एखाद्या प्रवर्गाला जिल्ह्यात एकच जागा आली तर तिचे ३० टक्के काय काढणार? आणि पात्र बाई मिळाली नाही की जागा त्याच प्रवर्गातल्या पुरुषाला जाते, पुढच्या भरतीला ओढत नाहीत. दिव्यांगांची मात्र पुढच्या वर्षाला ओढावी लागते, २०१६च्या कायद्यात तसं आहे. बहिणीचं नॉन-क्रिमिलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा ओबीसीचा दाखला) मुदतीतलं ठेवा, त्यावर भलेभले बाद होतात. आणि मार्क चांगले पडले तर ओबीसीची मुलगी ओपन महिलेच्या जागेवर पण लागते, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय, त्यामुळे कोणी "तुमच्या कॅटेगरीत जागा नाही" म्हटलं तर घाबरू नका.

रानवाट
कातकऱ्यांचं मी सांगते, आम्ही दोघीतिघी दाखल्यांसाठी फिरतो. अहो आरक्षण लांबच राहिलं, फॉर्मच भरता येत नाही. एसटीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात आणि यांचे आजे-पणजे कोळशाच्या भट्ट्या लावत रानोरान. आता पण दिवाळी झाली की अख्खी कुटुंबं वीटभट्टीवर, पोरांची शाळा तिथेच सुटते. एक मुलगा बारावी पास, वाडीतला पहिला. कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेले, त्यात बापाचा शाळेचा दाखला, जातीच्या रकान्यात नुसतं "हिंदू". शेवटी कोतवाल बुकात (गावच्या जन्ममृत्यूचं जुनं रजिस्टर) पणज्याच्या मृत्यूची नोंद सापडली, मोडीत, जात "काथोडी". एसटीच्या यादीत तो शब्द आहे म्हणून वाचलो. पण तोवर वनरक्षकाची तारीख गेली होती.

ओहोटीची_वेळ
ताई बहिणीला पोलीस भरतीला बसवा, त्यात मुली दिसतात तरी. मी तयारी करतेय. ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा, मिळून ५० मार्क. आमच्याकडे ग्राउंड नाही मग ओहोटी बघून किनाऱ्यावर धावते, ओल्या वाळूवर बरं पडतं, सुक्यावर पोटऱ्या जातात. पहिले पंधरा दिवस रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) हसायचे, आता तेच सांगतात उद्या पाणी कधी उतरणार. खरी गोची पैशाची. तलाठीला २०२३ मध्ये फी ओपनला १००० आणि मागासवर्गीयांना ९००, वर सेंटर आलं कोल्हापूरला, बाबा सोबत आले, लॉज, एसटी बस... एका पेपरचे चार हजार गेले. आमच्याकडे भावाला विचारतात मुंबईला कधी जातोस आणि मला विचारतात हे किती दिवस करणार.

घाटावरचा_मास्तर
मी लातूरचा, सिंधुदुर्गात शिक्षक. "घाटावरचे" वाचलं म्हणून लिहितोय, राग नाही. पवित्र पोर्टलवर (शिक्षक भरतीचं) मेरिटने लागलो, कोणाचं हिसकावून नाही. पण ताई बोलल्या त्यात तथ्य आहे. पहिल्या आठवड्यात पोरगं रडत म्हणालं "पेन्सिल गावना नाय", मी म्हटलं गावाला नाही नेली तर नाही नेली, रडतोस कशाला. अर्धा वर्ग हसत होता, गावना नाय म्हणजे सापडत नाही. आता कळतं सगळं, बायको तर मालवणीतच मासे घासाघीस करून आणते. पण आमच्यातले बरेच जण आंतरजिल्हा बदलीकडे डोळे लावून बसतात आणि ते गेले की शाळा पुन्हा एकशिक्षकी. इथली डीएड झालेली पोरं लागली असती तर ती टिकली असती, हे मलाही पटतं.

जुना_दापोलीकर
हे दुखणं आजचं नाय. १८९२ च्या सुमाराला इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा आमच्या दापोलीत पेन्शनर महार शिपायांची चांगली वस्ती होती. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पलटणीतून रिटायर झालेले, त्यांनी १८९४ मध्ये सरकारसाठी अर्ज तयार केला की आमची भरती पुन्हा सुरू करा. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ ला. तेव्हा एक तारीख हुकली म्हणून त्या पोराला घरी बसू देऊ नका, दाखला झालाय ना, मग पुढचा फॉर्म भरा.

खाडीपल्याड
सगळ्यांचे आभार. मास्तर, घाटावरचे म्हटलं ते मागे घेते 🙏 रानवाट, कोतवाल बुकाची नक्कल तहसीलला मागायची की तलाठ्याकडे? वरच्या वाडीतल्या दोघांचे कागद बघायचे म्हणते. आणि ओहोटीची_वेळ, गोळा कितीला घेतलास गं? आमची बया सध्या पाट्यावरचा वरवंटा फेकतेय, आई ओरडतेय.