अमेरिकेच्या इतिहासाचं खरं वळण: १७७६ की १६६२?

वाटसरू

आम्ही व्हर्जिनियात राहतो. लेकीला शाळेत काम दिलं होतं, की अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासातली पाच मोठी वळणं तक्त्यावर क्रमाने मांडा. तिने १६०७ जेम्सटाउन, १७७३ बोस्टनचा चहा, १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७८१ यॉर्कटाउन आणि १७८७ संविधान अशा रंगीत चिठ्ठ्या डकवल्या. चूक एकही नाही. तरी तक्ता बघून मला राहवेना. माझ्या मते सगळ्यात मोठं वळण त्यात नव्हतंच. ते आहे डिसेंबर १६६२ चं, आमच्याच व्हर्जिनियातलं.

त्या महिन्यात इथल्या विधिमंडळाने एक छोटा कायदा केला: मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईवरून ठरेल. इंग्लंडच्या रिवाजात मुलाला बापाचा दर्जा मिळे. तो रिवाज इथे उलटा केला.

त्याच्या आधीची एक हकीकत सांगतो. एलिझाबेथ की हिची आई आफ्रिकी गुलाम, बाप थॉमस की हा इंग्रज मळेवाला. बापाने तिला नऊ वर्षांच्या कराराने दुसऱ्याकडे ठेवलं, मुदत संपली की सुटका. मुदत कधीच उलटली, मालक बदलले. १६५५ मध्ये शेवटचा मालक वारला, तेव्हा त्याच्या इस्टेटीचा कारभार बघणाऱ्यांनी तिला आणि तिच्या लहानग्या मुलाला गुलामांत धरलं. ती कोर्टात गेली. विल्यम ग्रिनस्टेड नावाच्या तरुण इंग्रजाने तिची बाजू मांडली, मुलाचा बाप तोच होता. साक्षीला एक म्हातारी बाई आली. या मुलीच्या पायी थॉमसला दंड झाला होता, हे तिने शपथेवर सांगितलं, आणि बाप कोण हा प्रश्न तिथेच मिटला. १६५६ मध्ये एलिझाबेथ सुटली.

सहा वर्षांनी कायद्याने ती वाट बुजवली. १६६७ मध्ये आणखी एक कायदा आला: बाप्तिस्मा घेतला म्हणून कुणी सुटणार नाही. राहिली ती जन्माची बेडी. मळेवाल्याला आता स्वतःच्या पोटच्या मुलालाही विकता येत होतं.

जन्मावरून माणसाची जागा ठरवणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतली गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, ती हे नातं ओळखूनच. म्हणून विचारतो, पाच चिठ्ठ्यांत १६६२ ला जागा नको का?

खडूफळा

वाटसरू, एलिझाबेथची हकीकत मनाला लागली. पण निष्कर्ष मला पटत नाही.

वळण म्हणजे जिथून रस्ता बदलतो ती जागा. १६६२ मध्ये रस्ता बदलला असं मला दिसत नाही. १६४० मध्येच व्हर्जिनियाच्या कोर्टाने हा रस्ता धरला होता. तीन नोकर मिळून पळाले आणि पकडले गेले. एक डच, एक स्कॉटिश, तिसरा जॉन पंच नावाचा काळा माणूस. पहिल्या दोघांची चाकरी चार वर्षांनी वाढवली. जॉन पंचला मात्र जन्मभराची. गुन्हा एक, पळाले एकत्र! बार्बाडोसच्या ऊसमळेवाल्यांनी तर १६६१ मध्येच गुलामांसाठी वेगळी संहिता लिहून काढली होती. व्हर्जिनियाने जे केलं ते त्या काळच्या मळेवाल्यांच्या चालीला धरूनच होतं.

चाल मोडणारी गोष्ट १७७६ ची, सर्व माणसं समान म्हणणाऱ्या जाहीरनाम्याची. तुमच्या एलिझाबेथला मी दुसरी एलिझाबेथ दाखवतो. मॅसॅच्युसेट्सच्या शेफील्ड गावात कर्नल अ‍ॅशली यांच्या घरी बेट नावाची गुलाम बाई होती. घरच्या मालकिणीने रागाच्या भरात चुलीतलं तापलेलं फावडं उगारलं, ते एका मुलीला लागू नये म्हणून बेटने स्वतःचा हात मध्ये घातला. जखम हाडापर्यंत गेली. पुढे ती तो हात झाकत नसे, कुणी विचारलं तर मालकिणीला विचारा म्हणे. राज्याच्या १७८० च्या नव्या संविधानात ‘सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान’ असं आलं होतं. बेट वकील थिओडोर सेजविक यांच्याकडे गेली. १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या ज्यूरीने तिला स्वतंत्र ठरवलं, वर तीस शिलिंग भरपाई दिली. तिने नाव घेतलं एलिझाबेथ फ्रीमन.

पहिल्या एलिझाबेथला सुटायला इंग्रज बाप दाखवावा लागला. दुसरीला बाप दाखवावा लागला नाही, माणूस असणं पुरलं. या दोघींच्या मध्ये जे घडलं, ते माझ्या मते वळण.

पाऊलखुणा

तुम्ही दोघेही किनाऱ्यावरच्या तेरा वसाहतींतून बाहेर पडायला तयार नाही. अ‍ॅपलाचियन डोंगराच्या पलीकडे राहणाऱ्यांना विचारा वळण कोणतं ते.

ऑक्टोबर १७६३ मध्ये इंग्लंडच्या राजाने फर्मान काढलं, की डोंगराच्या पश्चिमेला गोऱ्यांनी वस्ती करायची नाही. ते प्रेमापोटी नव्हतं. फ्रान्सशी झालेल्या युद्धाने तिजोरी कर्जात बुडाली होती, त्यात पाँटियाक या मूळ रहिवाशांच्या सरदाराच्या उठावाने ठाणी पडली. पण कागदावर तरी एक रेष होती. वसाहतवाल्यांना तीच सलत होती. वॉशिंग्टन यांचीसुद्धा पश्चिमेच्या जमिनींवर नजर होती.

१७७९ मध्ये त्यांच्याच हुकमावरून जनरल सलिव्हनची फौज इरोक्वॉय या मूळ रहिवाशांच्या मुलखात शिरली. चाळीसच्या वर गावं जाळली. उभा मका कापून टाकला, फळबागा तोडल्या. हिवाळ्यात ती माणसं नायगारा किल्ल्यापाशी इंग्रजांच्या आश्रयाला गेली, कित्येक जण थंडीने आणि भुकेने मेले. इरोक्वॉयांच्या भाषेत वॉशिंग्टन यांचं नाव ‘गावं उजाड करणारा’ असं आहे. इंग्लंडशी झालेल्या १७८३ च्या तहात मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख अमेरिकेला मिळाला. त्या तहात तिथल्या मूळ रहिवाशांचा साधा उल्लेखही नाही. लेकीच्या तक्त्यावर १७८३ ची चिठ्ठी लावा आणि खाली लिहा: ज्यांची जमीन, त्यांना न विचारता.

वाटसरू

पाऊलखुणा, मान्य. सलिव्हनच्या मोहिमेबद्दल मी लेकीशी एक शब्द बोललो नव्हतो. ती माझी चूक, आज बोलेन.

खडूफळा, बेटचा हात मीही विसरणार नाही. पण तेच वाक्य व्हर्जिनियात आणा आणि काय होतं बघा. व्हर्जिनियाच्या जून १७७६ च्या हक्कपत्रात ‘सर्व माणसं निसर्गतः सारखीच स्वतंत्र’ असं आहे. १८०६ मध्ये जॅकी राइट आणि तिच्या मुलांचा खटला चालला. पणजी-आजीपासूनची आमची आईकडची साखळी मूळ रहिवासी स्त्रीची, तेव्हा आम्ही स्वतंत्र, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधीश जॉर्ज वाइथ यांनी हक्कपत्राचा आधार घेतला आणि निकाल दिला, की माणूस स्वतंत्रच धरायचा, गुलाम म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. १७७६ च्या जाहीरनाम्यावर सही केलेला हा माणूस!

वरच्या कोर्टाने राइट कुटुंबाला सोडलं, पण वाइथ यांचं कारण खोडून काढलं. हक्कपत्र आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी नाही, असं म्हटलं. मग बायकामुलं कशावर सुटली? केस सरळ, रंग उजळ, आईची साखळी काळी नाही, यावर. म्हणजे सुटका झाली तीही १६६२ च्या नियमानेच. तीस वर्षांनीही १७७६ चं वाक्य त्या कोर्टाच्या उंबऱ्याबाहेर उभं होतं.

वऱ्हाडमाती

आमच्या घरी तीन पिढ्या कापूस. म्हणून १७९३ चं नाव कुणीच घेतलं नाही याचं नवल वाटलं. आखूड धाग्याच्या कापसात सरकी अशी चिकटून बसते, की हाताने सोलायला बसलं तर दिवसभरात पौंडभर रुई निघणं मुश्कील. एली व्हिटनीच्या जिनवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, एक माणूस पन्नास पौंड काढू लागला. तंबाखूने थकलेल्या दक्षिणेत गुलामी आपोआप आटेल असं काहींना वाटत होतं. जिनने तो विचार संपवला. १७९० मध्ये गुलाम सुमारे ७ लाख होते, १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाख. कायदा मेलेला असला तरी कापसाने तो जिवंत केला असता. आणि कापूस नसता, तर कायदा कागदावर पडून राहिला असता.

वाटसरू

वऱ्हाडमाती, तुमचाच आकडा घेतो. १ जानेवारी १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी होती. चोरून आणले तेवढेच. मग साडेएकोणचाळीस लाख आले कुठून? पाळण्यातून. प्रत्येक बाळ आईवरून गुलाम ठरत गेलं. जिनने मागणी वाढवली, पुरवठा १६६२ ने केला. व्हर्जिनियातून मग माणसं साखळीला बांधून कापसाच्या राज्यांत विकली गेली, आईपासून लेकरं तोडून.

खडूफळा

पाळण्याचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी खोडणार नाही. राइट खटलाही माझ्या बाजूला बोचतो.

तरी एक माणूस तुमच्यासमोर ठेवतो. डेव्हिड वॉकर, नॉर्थ कॅरोलायनाच्या विल्मिंग्टनचा. बाप गुलाम, आई स्वतंत्र, म्हणून तुमच्याच नियमाने हा जन्मतः स्वतंत्र. पुढे बोस्टनला जुन्या कपड्यांचं दुकान टाकलं. १८२९ मध्ये त्याने गुलामीविरुद्ध एक जळजळीत पत्रक छापलं आणि खलाशांच्या हाती दक्षिणेच्या बंदरांत धाडलं. दक्षिणेत त्यावर बंदी आली. त्या पत्रकात तो गोऱ्या अमेरिकनांपुढे १७७६ चा जाहीरनामा धरतो आणि विचारतो, तुमची स्वतःची भाषा तरी तुम्हाला कळते का?

वाटसरू, त्याला मोकळा जन्म १६६२ च्या नियमाने दिला हे खरं. पण बोस्टनच्या त्या दुकानात रात्री लिहायला बसल्यावर त्याने हाती काय घेतलं?