आंबट चेरीची बिअर : पहिल्या घोटाचे अनुभव

माहुलीचा वाटसरू

गेल्या महिन्यात पुतण्याकडे पुण्याला मुक्कामी गेलो होतो. संध्याकाळी तो मला एका लहानशा ब्रूअरीत घेऊन गेला. काचेपलीकडे पोलादी टाक्या दिसत होत्या आणि आमच्यासमोर लाकडी फळीवर चार छोटे पेले मांडलेले होते. शेवटच्या पेल्यातील बिअर आमसुलाच्या सारासारखी लाल होती. तिचा फेस गुलाबी होता आणि मी चष्मा पुसेपर्यंत तो विरूनही गेला. पहिल्या घोटाला माझा डावा डोळा आपोआप मिटला. आधी आंबट, मग फळाची ओझरती गोडी आणि शेवटी हिरड्या आवळून धरणारी एक तुरट चव. ही शेवटची चव माझ्या फार ओळखीची होती, पण तिचे नाव काही केल्या आठवेना.

आमच्याबरोबर आलेल्या पुतण्याच्या मित्राने पेला दूर सारला आणि "ही खराब झाली आहे, बदलून द्या," असे सांगितले. तेव्हा गमबूट घातलेला एक तरुण आतून बाहेर आला. तोच ती बिअर करणारा होता. तो जराही न रागावता म्हणाला, "ही बिघडलेली नाही. ही अशीच आंबवावी लागते." त्याचे ते वाक्य ऐकताच मी थेट कोरेगाव तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या पडवीत जाऊन पोहोचलो.

आजी उन्हाळ्यात नाचणीचे पीठ रात्रभर मडक्यात आंबवून सकाळी त्याची आंबील करत असे, आणि लसूण, जिरे व ताक घालून ती गार झाल्यावर आम्हाला देत असे. मी सात-आठ वर्षांचा असताना, ती नासली आहे असे समजून भरलेला तांब्या शेवग्याच्या बुडाशी ओतून दिला होता. आजी म्हणाली होती, "नासलं न्हाई रं, आंबलंय. नासल्यालं आन् आंबल्यालं तुला कळंना व्हय?" आपल्या भाषेत आंबट आणि आंबवणे हे शब्द एकाच घरातले आहेत, हे मला पन्नाशी उलटल्यावर बिअरच्या पेल्यापुढे बसून उमगले.

तुमच्यापैकी कोणी अशी आंबट बिअर घेतली असल्यास पहिला घोट कसा लागला, ते जरूर लिहावे. न घेणाऱ्यांनी आंबवलेल्या इतर पेयांविषयी लिहिले तरी चालेल.

हरिपूरची लेक

दादा, आंबील शेवग्याला घातली हे वाचून मन कळवळले. आमच्याकडे रेणुकेच्या नावाने आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य असतो आणि त्या दिवशी मडक्याला कोणी नुसते नाक लावले तरी आई ओरडत असे. बिअर मी घेत नाही, पण आमच्या घरातील मंडळींनी ती घेतल्यावर जी तोंडे केली, त्यांची छायाचित्रे माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत.

सेनेकाठचा सांगलीकर

कृष्णाकाठी वाढलो आणि नोकरीनिमित्त चार वर्षे ब्रुसेल्समध्ये, म्हणजे सेने नदीच्या गावात राहिलो. ती नदी शहरात बहुतेक ठिकाणी जमिनीखाली गाडलेली असल्यामुळे, आयर्विन पुलावरून पाणी पाहण्याची सवय असलेल्या माणसाला ते गाव पहिले काही दिवस आंधळे वाटते. असो. चेरीच्या आंबट बिअरचे माहेर तेच आहे. तिला तिथे क्रीक म्हणतात आणि फ्लेमिश भाषेत क्रीक म्हणजे आंबट चेरीच.

माझा पहिला घोट फसला होता. दुकानातून आणलेली बाटली गोड केलेल्या प्रकारातली निघाली आणि ती खोकल्याच्या औषधासारखी लागली. नंतर कार्यालयातील एका सहकाऱ्याने मला आंडरलेख्त भागातील कांतियाँ या ब्रूअरीत नेले. ती १९०० सालापासून चालू आहे. तिथे माळ्यावर तांब्याची एक भलीमोठी उथळ परात आहे. बार्लीचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि साधारण एक तृतीयांश कच्चा गहू यांचा काढा, जुने होऊन कडवटपणा गेलेले हॉप्स (बिअरमध्ये घालतात ती एका वेलीची फुले) घालून तासन् तास उकळतात आणि तो रात्री त्या परातीत ओततात. छताजवळच्या फटींतून हवा येते आणि हवेतले व त्या जुन्या वास्तूत मुरलेले यीस्ट आणि जिवाणू त्यात उतरतात. विरजण असे कोणी लावतच नाही. उन्हाळ्यात नको ते जिवाणू फोफावतात म्हणून हे काम ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या दिवसांतच चालते. सकाळी तो रस लाकडी पिंपांत जातो आणि त्याची लांबिक नावाची बिअर होते. पुढे उन्हाळ्यात चेरी तयार झाली की लिटरमागे सुमारे दोनशे ग्रॅम या हिशेबाने ती आठळ्यांसकट लांबिकमध्ये घालून काही महिने मुरू देतात. फळातली साखर यीस्ट खाऊन टाकते, त्यामुळे गोडवा जवळजवळ उरत नाही आणि आठळीतून बदामासारखा बारीकसा वास उतरतो.

पिंपांच्या आजूबाजूला कोळ्यांची जाळी होती आणि ती मुद्दाम झाडत नाहीत, कारण फळांवर येणाऱ्या चिलटांचा बंदोबस्त कोळीच करतात. आमच्या आईला हे फोनवर सांगितले तेव्हा तिने मला तिथले काहीही न खाण्याची ताकीद दिली.

आता घोटाविषयी. पेला नाकाशी नेला तर पावसात भिजून चुलीशेजारी वाळत टाकलेल्या घोंगडीचा वास आला. मी गमतीने तसे सांगितले, तर सहकारी म्हणाला की तिथले जाणकारही त्या वासाला घोड्याच्या पाठीवरील घोंगडीचाच वास म्हणतात आणि तो ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टमुळे येतो. चव मात्र स्वच्छ, कोरडी आणि धारदार होती. दुसरा पेला मी स्वतःहून मागितला.

मी राहत होतो ते स्खारबेक हे उपनगर एके काळी याच चेरीच्या झाडांसाठी प्रसिद्ध होते. तिथले शेतकरी गाढवांवर चेरी लादून ब्रुसेल्सच्या बाजारात आणत, म्हणून त्या भागाला आजही गाढवांचे गाव म्हणतात. आमच्या गल्लीत चेरीचे एकही झाड नव्हते आणि गाढवांविषयी मी काही लिहीत नाही, कारण घरमालक अजूनही माझ्या संपर्कात आहेत.

कराडची मास्तरीण

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही. माहुलीच्या काकांनी घेतलेली बिअर आणि सांगलीकरांची बिअर दोन्ही आंबट असल्या, तरी त्यांची जन्मकथा वेगळी असण्याची शक्यता आहे. लहान ब्रूअरीला पिंपे दोन-तीन वर्षे अडकवून ठेवणे परवडत नाही. त्यामुळे तिथे बहुधा काढा तयार झाल्यावर तो कोमट करून, म्हणजे पस्तीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान ठेवून, त्यात लॅक्टोबॅसिलस घालतात. हे दह्यातल्या जिवाणूंचे सगेसोयरे आहेत. एक-दोन दिवसांत सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; तो जितका कमी तितके आंबट) साडेतीनच्या आसपास उतरला की काढा उकळतात, जिवाणू मरतात आणि आंबटपणा तेवढा मागे राहतो. मग नेहमीचे यीस्ट घालायचे आणि फळाचा गर शेवटी. हॉप्स आधी घातले तर ते या जिवाणूंना वाढू देत नाहीत, म्हणून ते आंबवून झाल्यावर घालतात.

विद्यार्थ्यांना मी हे दही आणि आंबील यांच्याच उदाहरणाने शिकवते. बिअरचे नाव काढले की मागच्या बाकांवरून नको तेवढे प्रश्न येतात.

माझा स्वतःचा अनुभव एवढाच की एका परिषदेनंतर मी दोन घोट घेतले. चव आवडली, पण जीभ चवीऐवजी सामूच मोजत बसली.

तासगावी बेदाणा

मॅडम, हे सगळे पंचवीस वर्षांपूर्वी कोणी समजावून सांगितले असते तर आमच्या माळ्याचे छत पांढरे राहिले असते. पलूसला कृष्णा व्हॅली वाईन पार्क होणार म्हणून बोलबाला झाला, त्या दिवसांत आमच्या भागातला प्रत्येक बागायतदार स्वतःला वाईनमधला जाणकार समजू लागला होता. मी काळ्या द्राक्षांचा रस काढून तीन बाटल्यांत गळ्यापर्यंत भरला, बुचे ठोकून बसवली आणि माळ्यावर ठेवून विसरून गेलो. चैत्रात एका दुपारी दोन बाटल्या बंदुकीसारख्या उडाल्या. वडील बेदाण्याच्या शेडवरून धावत आले. तिसऱ्या बाटलीचे बूच सैल होते म्हणून ती वाचली, पण आत हवा गेल्यामुळे तिचे निव्वळ शिर्के झाले होते. आईने ते भांडी घासायला वापरले. तेव्हा आजींच्या भाषेत सांगायचे तर दोन आंबल्या आणि एक नासली.

चेरीची बिअर मी गोव्याच्या वाटेवर एकदा घेतली आहे. गाडी भाचा चालवत होता, हे आधीच सांगून ठेवतो. पहिल्या घोटाला मलाही तो शिर्क्याचा दिवस आठवला आणि मी नकळत छताकडे पाहिले.

हरिपूरची लेक

तुमचे छत अजून तसेच आहे का?

तासगावी बेदाणा

ताई, रंग तीन वेळा दिला. जांभळे डाग दर पावसाळ्यात पुन्हा उमटतात.

शाहूनगर सातारा

सर्वांचे कौतुक वाचून भीत भीत लिहितो की मला ती बिअर अजिबात आवडली नाही. कंदी पेढ्यांवर वाढलेली जीभ आहे, तिला पैसे देऊन आंबट चाखायला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. शिवाय मला पित्ताचा त्रास आहे. माझा पेला बायकोने संपवला आणि "चिंचेच्या सरबतासारखी छान आहे," असे म्हणून आणखी एक मागवला. तेव्हापासून आमच्या घरात बिअर पिणारी व्यक्ती बदलली आहे.

पाचगणीची काकू

मी बिअर घेतलेली नाही आणि आता या वयात घेणारही नाही, पण चेरी या शब्दावरून लिहावेसे वाटले. आमच्याकडे स्ट्रॉबेरी, रासबेरी आणि तुती घरोघरी, परंतु खरी चेरी मी पहिल्यांदा खाल्ली ती काश्मीरच्या सहलीत. ती चांगली गोड होती. लहानपणापासून केकवर आणि पानाच्या विड्यात लाल चेरी म्हणून जे खाल्ले, ते पुष्कळदा चेरी नसून करवंद असते. बी काढून पाकात मुरवलेले आणि लाल रंगवलेले. माझ्या माहेरी त्याचा व्यवसाय करणारे शेजारी होते, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. करवंदे चुन्याच्या निवळीत घालून घट्ट करत आणि मग पाक रोज थोडा थोडा दाट करत नेत. अंगणात त्या पाकाचा वास आणि माश्या दोन्ही असत.

तेव्हा माहुलीच्या भाऊंना हिरड्या आवळणारी जी तुरट चव ओळखीची वाटली, ती करवंदाची तर नव्हे?

माहुलीचा वाटसरू

काकू, तीच. अगदी तीच. महिनाभर जे नाव जिभेच्या टोकाशी अडकून होते, ते तुम्ही काढून दिलेत. यवतेश्वरच्या घाटात मे महिन्यात आम्ही शाळकरी मुले सदऱ्याच्या ओट्यात करवंदे गोळा करत असू. प्रत्येक करवंद आधी दातांनी अर्धे तोडून कोंबडा की कोंबडी ते पाहायचे. आत लाल निघाला तर कोंबडा, पांढरट निघाली तर कोंबडी. हरणाऱ्याने आपले करवंद जिंकणाऱ्याला द्यायचे, त्यामुळे उष्टे करवंद हातोहात फिरत असे. घरी येईपर्यंत ओठ चिकाने एकमेकांना चिकटत आणि हिरड्या अशाच आवळून आलेल्या असत. त्या बिअरमध्ये चीक नव्हता, एवढाच काय तो फरक.

काल पुतण्याकरवी त्या गमबूटवाल्या तरुणाला विचारले की चेरीऐवजी करवंद घालता येईल का. तो म्हणाला की आंबट चेरीचा गर त्याला बाहेरून मागवावा लागतो आणि आपल्याकडच्या बाजारात येते ती बहुतेक गोड चेरी असते. चांगली पिकलेली पाच किलो करवंदे कोणी आणून दिली, तर एका लहान टाकीत करून पाहायला तो तयार आहे. मास्तरीणबाई, चिकाचे काय करावे, हे तुम्ही सांगू शकाल का?

कराडची मास्तरीण

पूर्ण काळी झालेलीच घ्यावीत, कारण पिकलेल्या फळात चीक पुष्कळ कमी असतो. देठाजवळचा चीक जाईपर्यंत पाणी बदलून तीन-चारदा धुवावीत आणि मग दोन दिवस गोठवून ठेवावीत. गोठल्याने फळातल्या पेशी फुटतात आणि रस सहज सुटतो. बिया शक्यतो काढाव्यात. पाच किलोंच्या बिया काढायला किती माणसे लागतील, याचा मात्र आधी विचार करावा.

हरिपूरची लेक

बिया काढायला मी येते, पण माझ्या वाटणीची आंबील तयार ठेवावी आणि ती शेवग्याला घालू नये.

माहुलीचा वाटसरू

ताई, अवश्य या. माणसांची अडचण नाही, अडचण फ्रीजरची आहे. तिथे सध्या सौभाग्यवतींचे सोललेले मटार आहेत आणि ते हलवण्याविषयी बोलणी अजून सुरू व्हायची आहेत.