फौजी आजोबा-काकांसोबत त्यांच्या रणभूमीवर: तुमचे अनुभव लिहा

सातारा जिल्ह्यात फौजी नसलेलं गाव शोधावं लागेल. अपशिंग्याच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. पण या माणसांची आणि आमच्या कॉलेजच्या मुलांची गाठ कुठे पडते? १५ ऑगस्टला, स्टेजवर. शाल, श्रीफळ, फोटो, संपलं. जिथे त्यांनी नोकरी केली त्या जागेवर नेलं की हाच माणूस वेगळं बोलू लागतो, हे मी जवळून पाहिलंय. ७१ च्या लढाईतला सर्वांत कोवळा शिपाईसुद्धा आज सत्तरी ओलांडून गेलाय, त्यामुळे हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही. १५ जानेवारी २०२५ पासून ‘भारत रणभूमी दर्शन’ या जुन्या रणभूमींना भेट देण्यासाठीच्या सरकारी उपक्रमाच्या संकेतस्थळावर सीमेवरच्या बऱ्याच जागांची माहिती मिळते. सोबत जाणाऱ्यांनी काय पाहिलं, कसं वागावं, हे मात्र आपणच एकमेकांना सांगायचं. जे गेलेत त्यांनी लिहा. माणसांची नावं नकोत.

कोरेगाव, एम. ए. इतिहास

आम्ही एनसीसीच्या मुली आणि सोबत शेजारच्या गावचे निवृत्त हवालदार, आमचे अण्णा. १९९९ च्या कारगिल युद्धात ते बोफोर्स तोफेवर होते. द्रासचं कारगिल युद्ध स्मारक तोलोलिंग शिखराच्या पायथ्याला, हमरस्त्यालगतच आहे. उतरल्याबरोबर आम्ही सगळ्या माना वर करून शिखर बघत होतो. अण्णा मात्र शिखराकडे पाठ करून रस्त्याकडेची सपाट जागा न्याहाळत होते. म्हणाले, “पोरींनो, तुम्ही वर बघताय. आमचं काम हितं खाली हुतं.”

मग बोलत राहिले. वर बसलेल्या शत्रूला हा रस्ता दिसायचा, म्हणून गाड्या रात्री दिवे बंद करून चालायच्या. बोफोर्सचा एक गोळा चाळीस किलोच्या वरचा. तो कुठे पडला हे तोफेवरच्या माणसाला दिसत नाही. पुढे गेलेला ओपी, म्हणजे निरीक्षण चौकीवरचा अधिकारी वायरलेसवर दुरुस्ती सांगतो आणि त्या आवाजाच्या भरवशावर पुढचा गोळा जातो. १३ जूनला तोलोलिंग राजपुताना रायफल्सच्या जवानांनी चढून जिंकलं. “त्यांच्या डोक्यावरनं आमचे गोळे. आकडा चुकला तर आपलीच पोरं,” एवढं बोलून अण्णा थांबले. कारगिलवर मी पानंच्या पानं वाचलीत, पण खाली उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर हे ओझं असतं, ते कुठेच वाचलं नव्हतं.

नावं कोरलेल्या भिंतीपाशी ते आपल्या रेजिमेंटची नावं बोटाने वाचत गेले. आम्ही मोबाइल खिशात ठेवले.

कराड, इंजिनीअरिंगचा विद्यार्थी

आमचे आबा १ मराठा लाइट इन्फंट्रीचे, म्हणजे जंगी पलटणीचे. त्यांची लढाई जमालपूरची, ते आता बांगलादेशात. आबांकडे पासपोर्ट नाही आणि या वयात ती धावपळ त्यांना नको होती. म्हणून मी आणि माझे मित्र त्यांना मेघालयात तुरामार्गे महेंद्रगंजपर्यंत घेऊन गेलो. सीमेपलीकडेच कमालपूर.

पुस्तकातली लढाई आम्हाला पाठ होती. ४ डिसेंबर १९७१ ला कमालपूरची चौकी शरण आली. मराठे ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला बसले आणि ढाक्याची वाट अडवली. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी फौजेला शरण येण्याबद्दल पत्र धाडलं, तर पाकिस्तानी कर्नलने उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली. १० तारखेच्या रात्री तेच लोक शहरातून निसटायला निघाले आणि मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळले.

आबांनी यातलं काहीच काढलं नाही. त्यांनी बीएसएफच्या जवानाला विचारलं, “नदी कुठल्या अंगाला?” त्याने हात केला, तर तिकडे बराच वेळ बघत राहिले. मग सांगितलं, की तिकडच्या एका शेतकऱ्याने आपली बैलगाडी जुंपून त्यांचं जड सामान रातोरात ओढून दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि घाईत त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. इतक्या वर्षांत घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आजीलासुद्धा नाही. परतताना गाडीत ते पलटणीतल्या गड्यांची नावं गावासकट सांगत होते. माझ्या मित्राने ती सगळी वहीत उतरवली आणि त्यातल्या काही घरांत आम्ही जाऊनही आलो.

पलूस, जि. सांगली, प्राध्यापक

प्रत्येकाला परत जायचं असतंच असं नाही, हेही इथे नोंदलं जावं. आमच्या गावचे नाना श्रीलंकेत शांतिसेनेत होते. १९८७ ते १९९० या काळात तिथे आपले अकराशेहून अधिक जवान कामी आले. जाफन्याजवळ पलालीला त्यांचं स्मारक आहे. मुलांनी फार उत्साहाने विचारलं. नाना म्हणाले, “तिथं परत पाय ठेवणार नाय, बाळांनो.” मुलांनी पुन्हा विचारलं नाही, याचा मला अभिमान वाटतो. त्यांनी जाफन्याचा मोठा नकाशा छापून नेला आणि नानांच्या सोप्यात पसरला. त्यावर बोट ठेवून नाना हळूहळू बोलते झाले. तो प्रवासच होता, माझ्या मते.

खटाव तालुका, माजी सैनिक

पोरांना एक विनंती. “किती मारले?” हे विचारू नका. जेवण काय मिळायचं, पाय किती फुटायचे, ५६ एपीओचा, म्हणजे लष्करी टपालाचा शिक्का मारलेलं पत्र घरी कधी पोचायचं, हे विचारा. बाकीचं मागोमाग येतं. आणि तिथे गेल्यावर माइक हातात देऊ नका. मला दिला होता, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. संध्याकाळी चहा पिताना मात्र सगळं सांगितलं.

वाई, निवृत्त शिक्षिका

थोडं व्यवहाराचं. द्रास साधारण पावणेअकरा हजार फुटांवर आहे, वाटेतला झोजिला साडेअकरा हजारांच्या आसपास. श्रीनगरला आणि सोनमर्गला मुक्काम करा, एका दमात वर नेऊ नका. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको. निघण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी आणि लेखी सल्ला घ्या. माजी सैनिकाचं ओळखपत्र, डिस्चार्ज बुक, ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड यांच्या प्रती मुलांकडेही असू द्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी भेटून पत्र घेतलंत तर चौक्यांवर अडचण कमी येते. राजस्थानच्या वाळवंटातल्या लोंगेवाला-तनोटला थंडीत जा. मार्चनंतर ते ऊन म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही.