‘एककला भार’ की ‘दोन फेज’?

रावपुरेकर: बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका वर्कशॉपसाठी ट्रान्सफॉर्मरचं माहितीपत्रक मराठीत करतोय. ‘सिंगल फेज लोड’ला ‘एककला भार’ लिहिलं. तिथला वायरमन वेल्डिंग मशीनच्या दोन वायरी दाखवत म्हणाला, “काका, आ तो बे फेजनुं छे!” आपल्या पाढ्यातही बे म्हणजे दोनच. मग हे ‘एक’ कुठलं?

जुना वाइंडर: वायरी मोजू नका, दाब मोजा. त्या दोन वायरींमध्ये 415 व्होल्टचा दाब एकच, म्हणून भार एककला. खरी द्विकला वेगळी, तिच्यात एकमेकांपासून 90 अंश सरकलेले दोन दाब असतात.

पण वायरमन अगदीच चुकला नाही. रस्त्यावरच्या टीसीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची (रेल्वेतला नव्हे!) दुय्यम, म्हणजे वीज बाहेर देणारी बाजू स्टारची, म्हणजे तिन्ही कॉइलींचं एकेक टोक न्यूट्रलला एकत्र जोडलेलं. तिथे दोन फेजांत मशीन जोडलं की प्रवाह दोन कॉइलींतून सरळ जातो. त्याचं ‘बे’ तिथे खरं. अशा वेळी पाटीवरच्या केव्हीएच्या, म्हणजे क्षमतेच्या, साधारण 58 टक्के भार चालतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये जोडलात तर एकच कॉइल राबते, म्हणून तिसरा हिस्सा.

रावपुरेकर: आमचा दोन्हीकडून डेल्टा आहे, म्हणजे तीन कॉइली त्रिकोणात जोडलेल्या. 10 केव्हीएचे तीन एकसारखे नग.

जुना वाइंडर: मग गंमत आहे. त्याच दोन टोकांत एक कॉइल सरळ बसलेली, उरलेल्या दोघी वळसा घालून त्याच टोकांना येतात. मशीनने 36 अँपिअर ओढले तर सरळ कॉइलीतून 24, वळशातून 12. दहा केव्हीएच्या कॉइलीला 24च झेपतात. म्हणजे दुसरा काही भार नसेल तर 15 केव्हीए, पाटीवरच्या 30च्या निम्मे. पाटीवर 30 आहे म्हणून सगळे एकाच जोडीवर टाकलेत तर त्या कॉइलीतून 48 जातील, आणि वास तुम्हाला रावपुऱ्यात येईल.

दांडियाबाजार: मग ‘एका फेजवरचा भार’ लिहा की, सोपं.

जुना वाइंडर: नको. ‘वरचा’ म्हटलं की वाचणारा न्यूट्रल शोधतो, आणि यांच्या डेल्टात न्यूट्रल नाही. ‘दोन लाइनींमधला एककला भार’ लिहा. लांबलंय, पण वायरमनलाही त्याचं ‘बे’ सापडेल.

रावपुरेकर: घेतलं. आणि ‘भार’च ठेवू ना? मालक ‘लोड’ म्हणताहेत.

दांडियाबाजार: भारच. लोड आमच्याकडे बैठकीत टेकायला असतो.