मदत हवी आहे: ‘एल्डन रिंग’ घेऊ की ‘हॉलो नाइट’?

नमस्कार मंडळी. मुलगी झोपल्यावर मला रोज जेमतेम तासभर मिळतो, त्यामुळे पुढचा गेम विचारपूर्वक निवडायचा आहे.

माझी आवड कळावी म्हणून सांगतो. ‘विचर ३’ (२०१५) मला कथेसाठी फार आवडला. त्यातल्या ब्लडी बॅरन या सरदाराचं प्रकरण संपल्यावर तर मी बराच वेळ नुसता बसून होतो. इतक्या साध्या वाटणाऱ्या कामातून एका मोडलेल्या घराची गोष्ट उलगडते, हे बळ मला दुसऱ्या गेममध्ये क्वचितच दिसलं. त्यातली तलवारबाजी मात्र पुढे पुढे एकसुरी होते. ‘रेड डेड रिडेम्पशन २’चं जग अप्रतिम आहे, पण मोहिमेत ठरलेली वाट जरा सोडली की ती फसते. एवढ्या मोकळ्या जगात हे खटकतं. ‘हेडीस’मध्ये गॉड मोड आहे, दर मरणागणिक थोडं संरक्षण वाढतं; माझ्यासारख्याला तो मोठा आधार वाटला.

‘एल्डन रिंग’मध्ये अवघडपणा कमी करायची सोय नाही आणि ऑफलाइन खेळतानाही सरळ पॉज करता येत नाही. मुलगी मध्येच उठली तर काय करायचं? ‘हॉलो नाइट’ला पॉज आहे, पण गेम बंद केला की पुन्हा सुरुवात शेवटच्या बाकापासून (तिथे बसलं की गेम सेव्ह होतो), आणि बहुतेक भागांचा नकाशा आधी विकत घ्यावा लागतो.

ज्यांनी दोन्ही खेळलेत त्यांनी कृपया सांगा: रोज एक तास देऊन कुठला गेम खरोखर पुढे सरकतो? चार दिवस खंड पडला तर धागा पुन्हा सापडतो का?